आधी जमवू, मग निघू : बार्बाडोसच्या सहलीचा हिशेब

मुलांचे शिक्षण, लग्न, घर, आजारपण यांसाठी बचत कशी करायची हे आपण आधीच्या पाठांत पाहिले. या पाठात एका वेगळ्या कारणासाठी पैसे जमवायचे आहेत, ते म्हणजे हौसेसाठी. हौस म्हटली की बचत करणारा माणूस थोडा ओशाळतो आणि सगळे बेत मनातच ठेवतो. मग एखाद्या दिवशी चकचकीत जाहिरात हाती पडते आणि वीस वर्षांची शिस्त दहा मिनिटांत मोडते. म्हणून हौसेचाही हिशेब मांडायला शिकले पाहिजे.

उदाहरण मुद्दाम लांबचे घेतले आहे. वेस्ट इंडीजमधले बार्बाडोस बेट. तिथला हिशेब जमला तर काशी, अंदमान किंवा सिंगापूरचाही जमेल.

काउंटरवर आलेला कागद

मी इंदूरमधल्या एका शाखेत अधिकारी आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास आमचे एक जुने खातेदार आले. निवृत्त शिक्षक, सगळी शाखा त्यांना 'सर' म्हणते. हातात पाच लाखांच्या मुदत ठेवीची पावती आणि एक रंगीत पत्रक होते. म्हणाले, "मॅडम, ही एफडी मोडायची आहे."

पत्रकावर मोठे पांढरे जहाज, निळे पाणी आणि खाली ठळक अक्षरे : 'कॅरिबियन क्रूझ, सात रात्री, माणशी फक्त ₹ ६५,०००. मर्यादित जागा.'

सरांचे कारण साधे होते. १९७१ साली ते शाळेत होते. त्या वर्षी अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये जाऊन पहिल्यांदा मालिका जिंकली. सुनील गावसकरांनी पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या. ब्रिजटाउनच्या कसोटीत दिलीप सरदेसाईंनी १५० धावा काढून सामना वाचवायला मदत केली. सरांकडे त्या वेळची वर्तमानपत्रांची कात्रणे अजून आहेत. पुढे २९ जून २०२४ रोजी त्याच ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर रोहित शर्माच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. त्या रात्री सरांनी ठरवले, ते मैदान एकदा डोळ्यांनी पाहायचे.

"दोघांचे एक लाख तीस हजार होतात. उरलेले वरखर्चाला," सर म्हणाले.

ठेव दोघांच्या नावावर होती, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या प्रकारची. अशी ठेव मुदत संपल्यावर कोणीही एक जण काढू शकतो. मुदतीआधी मोडायची असेल तर साधारणपणे दोघांच्याही सह्या लागतात. मी सरांना म्हटले, "बाईंची सही लागेल. उद्या दोघे या. तोवर हे पत्रक माझ्याकडे राहू दे."

बाईंना यातले काही माहीत नव्हते. ती पाच लाखांची ठेव त्यांनी दोघांच्या आजारपणासाठी राखून ठेवली होती आणि त्यांचे गुडघ्याचे ऑपरेशन डॉक्टरांनी आधीच सुचवलेले होते.

पहिला प्रश्न : हे पत्रक मला हवे तिथे नेते का?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बसलो. मी पत्रकाची मागची बाजू उघडली, कारण खरी माहिती बहुधा बारीक अक्षरात मागे असते. जहाज अमेरिकेतल्या मायामी बंदरातून निघणार होते. थांबे होते मेक्सिकोचे कोझुमेल, केमन बेटे आणि जमैका. बार्बाडोसचे नाव कुठेच नव्हते.

'कॅरिबियन' हे एका गावाचे नाव नाही, तो मोठा समुद्र आहे. बार्बाडोस हे त्या भागातले सर्वांत पूर्वेकडचे बेट. मायामीहून ते अडीच हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे. जहाज ताशी ३५-४० किलोमीटर वेगाने न थांबता गेले तरी एका बाजूला जवळजवळ तीन दिवस लागतात. त्यामुळे मायामीहून सात रात्रींत फिरून येणाऱ्या जहाजांच्या मार्गात बार्बाडोस सहसा नसते. तिथे जाणारी छोट्या मुदतीची जहाजे बहुधा पोर्टो रिको बेटावरच्या सान हुआनहून किंवा खुद्द ब्रिजटाउनहून सुटतात.

सर गप्प झाले. ठेव मोडून, सगळा प्रवास करून ते मैदान दिसलेच नसते.

म्हणून पहिली सवय अशी लावा : पैसे भरण्याआधी 'मला नेमके काय हवे आहे' हे एका ओळीत लिहा. सरांची ओळ होती, 'केन्सिंग्टन ओव्हल आणि बार्बाडोस बेट नीट पाहायचे.' मग पत्रकात ती ओळ सापडते का ते शोधा. सापडली नाही तर किंमत कितीही कमी असली तरी ती वस्तू आपली नाही.

दुसरा प्रश्न : छापलेल्या किमतीत काय नाही?

तरीही शिकण्यासाठी आम्ही त्या जहाजाचा पूर्ण हिशेब कागदावर मांडला. हिशेबापुरता एक अमेरिकी डॉलर म्हणजे ९० रुपये धरला. आकडे अंदाजी आहेत. तुमच्या वेळी ते बदलतील, पण खाने हीच राहतील.

दोघांचा खर्च :

– जहाजाचे भाडे, माणशी ६५,००० : ₹ १,३०,०००
– भारत ते मायामी विमान, जाऊन-येऊन, माणशी १,२०,००० : ₹ २,४०,०००
– अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचे शुल्क, माणशी १८५ डॉलर : ₹ ३३,३००
– बंदराचे कर आणि शुल्क, माणशी १५० डॉलर : ₹ २७,०००
– जहाजावरची सेवा-बक्षिसी, रोज माणशी १८ डॉलर, सात रात्री : ₹ २२,६८०
– जहाजाच्या आधी आणि नंतर एकेक रात्र हॉटेल : ₹ २७,०००
– प्रवास विमा : ₹ १६,०००
– बेटांवरचा आणि जहाजावरचा वरखर्च, ४०० डॉलर : ₹ ३६,०००
– इंदूरहून विमानतळ, व्हिसाच्या मुलाखतीसाठी जाणे-येणे : ₹ २०,०००

बेरीज : ₹ ५,५१,९८०. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला धरले तर सहा लाखांच्या थोडे वर.

छापलेले एक लाख तीस हजार कुठे आणि सहा लाख कुठे! पत्रकाने खोटे काही सांगितले नव्हते. त्याने फक्त जहाजाचे भाडे सांगितले होते. बाकीचे शोधणे हे घेणाऱ्याचे काम असते.

यातल्या काही गोष्टी नवख्या माणसाला माहीत नसतात. सेवा-बक्षिसी बहुतेक मोठ्या जहाजांवर आपोआप बिलात लागते. जहाजावरचा सगळा वरखर्च डॉलरमध्ये होतो आणि कार्डाला जोडलेला असतो. रोज रोख मोजावी लागत नसल्याने खर्च किती झाला ते शेवटच्या दिवशीच कळते. 'माणशी' किंमत ही एका खोलीत दोघे राहतील असे धरून असते, एकट्याने गेल्यास भाडे जवळपास दुप्पट पडू शकते. जीएसटी धरला आहे की वेगळा, हेही विचारून घ्या.

तिसरा प्रश्न : हीच इच्छा दुसऱ्या वाटेने पुरी होते का?

बाईंनी विचारले, "जहाजानेच का जायचे? विमान उतरत नाही का तिथे?"

उतरते. लंडनहून बार्बाडोसला थेट विमाने आहेत. भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी बार्बाडोसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. मात्र मध्ये ज्या देशात विमान बदलायचे तिथला ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. हे तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाच्या अधिकृत माहितीवरून पाहा, तिकीट काढल्यावर नव्हे.

जहाजाने बेटावर गेले तर बहुधा एकच दिवस मिळतो. सकाळी उतरायचे, संध्याकाळी दिलेल्या वेळेआधी परत चढायचे. उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जावे लागते. आम्ही दुसरा हिशेब मांडला : विमान माणशी १,६०,००० प्रमाणे ३,२०,०००. साध्या अतिथिगृहात सात रात्री, रोज ११० डॉलर, म्हणजे ६९,३००. जेवण आणि फिरणे रोज ७० डॉलर, म्हणजे ४४,१००. विमा १६,०००. वाटेतला मुक्काम आणि ट्रान्झिट ४०,०००. देशांतर्गत प्रवास २०,०००. बेरीज ५,०९,४००. दहा टक्के राखीव धरून सुमारे ₹ ५,६०,०००.

खर्च थोडा कमी, आणि बेटावर काही तासांऐवजी पूर्ण आठवडा. शिवाय मैदान नक्की दिसणार.

क्रूझ वाईट असते असे मी म्हणत नाही. ज्यांना समुद्रावरचा प्रवासच हवा आहे, रोज सामान न हलवता तीन-चार बेटे पाहायची आहेत, चालण्याचा त्रास आहे, त्यांना ती सोयीची पडते. मुद्दा एवढाच की दोन वाटांचे दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय निवड करू नये.

चौथा प्रश्न : कधी जायचे?

तारीख बदलली की खर्च बदलतो. बार्बाडोसमध्ये डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गर्दीचा हंगाम असतो. युरोप-अमेरिकेत थंडी असते, म्हणून तिथले लोक ऊन शोधत येतात. या काळात खोल्या आणि विमाने महाग असतात. जून ते नोव्हेंबर हा त्या समुद्रातला चक्रीवादळांचा काळ. तेव्हा दर उतरतात, पण धोका वाढतो. एप्रिलचा शेवट आणि मे हा आपल्यासारख्यांना मधला मार्ग आहे.

बार्बाडोस पूर्वेला एका बाजूला असल्याने बरीचशी वादळे त्याला टाळून जातात. तरी भरवसा नाही. विश्वचषक जिंकल्यावर दोनच दिवसांनी, १ जुलै २०२४ रोजी, 'बेरिल' चक्रीवादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेले. विमानतळ बंद झाला आणि विश्वविजेता भारतीय संघ हॉटेलात अडकून पडला. मंडळाने खास विमानाची सोय केली, तेव्हा संघ ४ जुलैला सकाळी दिल्लीला पोहोचला.

आपल्यासाठी कोणी खास विमान पाठवणार नाही. आपले खास विमान म्हणजे दहा टक्क्यांचा राखीव पैसा आणि प्रवास विमा. विमा घेताना तीन गोष्टी वाचा : दवाखान्याच्या खर्चाची मर्यादा किती, प्रवास रद्द झाला किंवा लांबला तर काय मिळते, आणि आधीपासूनचे आजार धरले आहेत का. मधुमेह, रक्तदाब लपवून विमा घेऊ नका. हप्ता थोडा वाचतो, पण दावा नामंजूर होण्याची वेळ परदेशात येते.

पाचवा प्रश्न : पैसा कुठून आणायचा?

इथे तीन वाटा असतात : राखीव ठेव मोडणे, कर्ज काढणे किंवा आधी जमवणे.

आजारपणासाठी ठेवलेली ठेव हौसेसाठी मोडू नये, हे सरांच्या उदाहरणात दिसलेच. मुदतीआधी मोडल्यास बहुतेक बँका व्याजात अर्धा ते एक टक्का कपात करतात, पण तो तोटा लहान आहे. मोठा तोटा असा की सहलीहून परतल्यावर ऑपरेशनची वेळ आली तर हातात काही नसते.

आता कर्ज आणि बचत यांची तुलना करू. समजा, सहलीला सहा लाख हवेत.

आज कर्ज काढले : वैयक्तिक कर्ज ६ लाख, व्याज १४ टक्के, मुदत ३६ महिने. मासिक हप्ता सुमारे ₹ २०,५०७. एकूण परतफेड सुमारे ₹ ७,३८,०००.

आधी जमवले : आवर्ती ठेव, म्हणजे आरडी. दरमहा ₹ १५,०००, व्याज ६.५ टक्के, मुदत ३६ महिने. तुम्ही भरता ₹ ५,४०,०००, मुदतीअखेर मिळतात सुमारे ₹ ५,९७,०००.

सहल तीच. एका वाटेने खिशातून गेले ७ लाख ३८ हजार, दुसऱ्या वाटेने ५ लाख ४० हजार. फरक जवळजवळ दोन लाखांचा, आणि तो फक्त 'आधी' आणि 'नंतर' या दोन शब्दांमुळे पडला. शिवाय नोकरी गेली, आजार आला तर आरडी थांबवता येते. कर्जाचा हप्ता थांबत नाही.

दरमहा १५,००० जमत नसतील तर मुदत वाढवा. ६.५ टक्क्यांनी ₹ ८,५०० दरमहा पाच वर्षे भरले तर सुमारे ₹ ६,०३,००० होतात.

पण इथे एक पायरी विसरू नका. आपण रुपयांत जमवतो आणि खर्च डॉलरमध्ये करतो. २०१४ मध्ये एक डॉलर सरासरी ६१ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८३-८४ रुपयांच्या. म्हणजे दहा वर्षांत डॉलर वर्षाला साधारण तीन टक्क्यांनी महागला. पुढेही तसेच धरले तर आज सहा लाखांत होणाऱ्या सहलीला पाच वर्षांनी सुमारे ६ लाख ९६ हजार लागतील. त्यासाठी दरमहा ८,५०० ऐवजी ₹ ९,८०० भरावे लागतील. म्हणून लांबच्या सहलीचे उद्दिष्ट ठरवताना आजची किंमत लिहू नका, जाण्याच्या वर्षाची लिहा. आरडीच्या व्याजावर करही लागू होतो, तो तुमच्या उत्पन्नानुसार धरा.

पैसे कोणाकडे साठवायचे?

काही ठिकाणी 'दरमहा थोडे भरा, दोन वर्षांनी सहल घ्या' अशा योजना असतात. त्या आकर्षक वाटतात, पण एक फरक लक्षात घ्या. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. सहल विकणाऱ्याकडे महिन्या-महिन्याला भरलेल्या पैशाला हे संरक्षण नसते. दुकान बंद पडले तर आपण रांगेत शेवटी उभे असतो. म्हणून साठवणूक बँकेत किंवा पोस्टात करा, आणि सहलीचे पैसे ठरलेल्या वेळीच, पावती घेऊन, खात्यातून द्या.

दुसरी सावधगिरी : 'तुम्ही मोफत क्रूझ जिंकली आहे, फक्त बंदराचा कर भरा' असा फोन किंवा निरोप आला तर तो बंद करा. ज्या सोडतीत आपण भाग घेतला नाही तिचे बक्षीस लागत नाही. ओटीपी, पिन कोणालाही सांगू नका. चुकून पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा आणि बँकेलाही सांगा. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

परदेशी चलन : छोटे नियम, मोठा उपयोग

निघायची वेळ जवळ आली की हे पाहून घ्या.

१. परकीय चलन बँकेकडून किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. पॅन आणि ए-टू नावाचा अर्ज लागतो. ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचे चलन घेताना रुपये रोख न देता खात्यातून द्यावे लागतात.

२. अशा प्रवासाला नोटांच्या रूपात एका वेळी माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. बाकीचे फॉरेक्स कार्डावर भरा. सगळे एकाच खिशात ठेवू नका.

३. परदेशी सहलीचे पॅकेज घेतले तर विक्रेता टीसीएस नावाचा कर गोळा करतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंतच्या पॅकेजवर तो ५ टक्के होता, म्हणजे सहा लाखांवर ३०,००० रुपये. दर अर्थसंकल्पात बदलतो, भरण्याच्या दिवशीचा विचारून घ्या. हा खर्च नव्हे, तो तुमच्या पॅनवर जमा होतो. आयकर विवरणपत्र भरले की करातून वजा होतो किंवा परत मिळतो. विवरणपत्र भरलेच नाही तर मात्र तो तिथेच राहतो. अनेक छोटे बचतदार 'आम्हाला कर लागत नाही' म्हणून विवरणपत्र भरत नाहीत आणि आपलेच पैसे सोडून देतात.

४. डेबिट कार्डावर परदेशातले व्यवहार बहुधा बंद असतात. निघण्याआधी ते चालू करा, मर्यादा घाला, परतल्यावर पुन्हा बंद करा. साध्या कार्डावर दर व्यवहाराला साधारण तीन ते साडेतीन टक्के जादा आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. तिथे यूपीआयवर विसंबू नका.

५. दुकानातले यंत्र 'रुपयांत की स्थानिक चलनात' असे विचारते. नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर दुकानदाराचे यंत्र ठरवते आणि तो बहुधा आपल्या तोट्याचा असतो.

६. परतल्यावर उरलेले डॉलर १८० दिवसांच्या आत बँकेत द्या. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात.

बेटावर पैसा कसा वाचतो?

बार्बाडोसचे स्वतःचे डॉलर आहे. १९७५ पासून दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर असा दर बांधलेला आहे. अमेरिकी डॉलरही बहुतेक ठिकाणी चालतात, सुटे मात्र बार्बाडोस डॉलरमध्ये मिळतात. म्हणून फळीवर '२०' लिहिलेले दिसले तर आधी विचारा, "कोणते डॉलर?" उत्तरावर किंमत दुप्पट किंवा निम्मी ठरते. टॅक्सीला मीटर नसते, बसण्याआधी भाडे आणि चलन दोन्ही ठरवा. उरलेले बार्बाडोस डॉलर तिथेच बदला किंवा खर्च करा, भारतात ते बदलून मिळणे अवघड.

बेट लहान आहे, लांबी सुमारे ३४ किलोमीटर आणि रुंदी २३. सरकारी निळ्या बस, खासगी पिवळ्या मिनीबस आणि पांढऱ्या व्हॅन सगळीकडे जातात. २०१९ पासून एका फेरीचे भाडे साडेतीन बार्बाडोस डॉलर आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे १५८ रुपये. सरकारी बसमध्ये सुटे नेमके द्यावे लागतात. किनारे सगळ्यांना खुले आहेत, समुद्र पाहायला तिकीट नाही. जुने ब्रिजटाउन आणि तिथली लष्करी छावणी २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे, ती पायी पाहता येते. क्रूझ बंदरापासून शहराचा मध्यभाग आणि केन्सिंग्टन ओव्हल दोन्ही फार लांब नाहीत. मैदानाबाहेर सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे.

शाकाहारी माणसाने घाबरू नये. बटाटा किंवा चण्याची भाजी घातलेली रोटी तिथे सहज मिळते, भारतातून त्या भागात गेलेल्या लोकांची ती देणगी आहे. हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क बहुधा आधीच लावलेले असते, बिल वाचून मगच वर बक्षिसी द्या. आणि एक नियम : लष्करी छाप्याचे कपडे नेऊ नका, तिथे सामान्य माणसाने ते घालणे कायद्याने मना आहे. दंड भरून सहल महाग करायची नाही.

सरांनी काय केले?

पाच लाखांची ठेव तशीच राहिली. बाईंच्या गुडघ्याचे काम आधी, असे दोघांनी त्याच टेबलावर ठरवले. सर घरी शिकवण्या घेतात, त्यांचे महिन्याला आठ हजार येतात. त्यात पेन्शनमधले चार हजार घालून बारा हजारांची तीन वर्षांची आरडी उघडली. दर महिन्याच्या पाच तारखेला रक्कम खात्यातून आपोआप वळती होते. नामनिर्देशन त्याच दिवशी केले. ६.५ टक्क्यांनी तिचे सुमारे ४ लाख ७८ हजार होतील. दुसरी एक दीड लाखाची ठेव होती, तिच्यावर कुठलेही काम लिहिलेले नव्हते. तिच्या पावतीवर आता सरांच्या हस्ताक्षरात 'बार्बाडोस' असे लिहिले आहे. दोन्ही मिळून सव्वासहा लाखांच्या वर जातील. डॉलर वर्षाला तीन टक्के महागला तरी आपल्या पाच लाख साठ हजारांच्या कागदाला तेव्हा सुमारे सहा लाख बारा हजार लागतील. म्हणजे बेत बसतो.

निघताना बाई म्हणाल्या, "तीन वर्षांत माझा गुडघाही चालायला लागेल." सर म्हणाले, "आणि मला कात्रणे नीट लावायला वेळ मिळेल."

तुमचा कागद

आज रात्री घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा आणि एका कागदावर लिहा :

– आम्हाला नेमके काय पाहायचे आहे? एक ओळ.
– छापलेली किंमत किती? तिच्यात नसलेले खर्च कोणते?
– दुसरी वाट आहे का? तिचा खर्च किती?
– जाण्याचे वर्ष आणि महिना कोणता? त्या वर्षी किती रुपये लागतील?
– दहा टक्के राखीव धरले का? विमा धरला का?
– दरमहा किती जमेल? कोणत्या तारखेला?
– आजारपणाच्या पैशाला हात लागत नाही ना?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'लागतो' असे आले तर कागद फाडू नका. फक्त वर्ष पुढे ढकला. बेट आहे तिथेच राहणार आहे.